तोफेच्या बैलांचे कुरण

पानिपतच्या काला अंबपासून साधारण तीन तासांच्या वाटेवर हिसार आहे. तिथला सरकारी पशुधन फार्म सुरू झाला दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, तोही लष्करासाठी. त्याच्या इतिहासात अंजनगाव सुर्जी भेटते आणि मुंबईचे तबेलेही!

दिल्ली, कुरुक्षेत्र, अमृतसर अशा सहलीला निघालेली मराठी मंडळींची बस पानिपतला वळल्याशिवाय राहत नाही. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब. विटांचा साधा स्तंभ, त्यात उभी लोखंडी सळई, भोवती कुंपण. इथे पूर्वी आंब्याचे झाड होते आणि रणांगणातल्या रक्ताने ते काळवंडले, असे सांगतात. मंडळी स्तंभापुढे हात जोडतात, फोटो काढतात, मातीची चिमूट रुमालात बांधून घेतात. १४ जानेवारीला तर महाराष्ट्रातून खास गाड्या करून लोक इथे येतात. मग बस पुढे कुरुक्षेत्राकडे निघते.

सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, सगळे आपल्याला पाठ असते. त्या तोफा ओढल्या कोणी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. दख्खनपासून यमुनेपर्यंत तोफा, दारूगोळा, धान्य, तंबू आणि फौजेबरोबरच्या कुटुंबकबिल्याचे सामान वाहिले ते प्रामुख्याने बैलांनी. नोव्हेंबर १७६० पासून मराठी छावणी पानिपतात अडकली. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. अन्न संपले, वैरण त्याआधीच संपली होती. जनावरे उभ्या उभ्या मरू लागली आणि त्यांच्या दुर्गंधीने छावणीत राहणे कठीण झाले. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपाशी माणसांची आणि उपाशी जनावरांची.

काला अंबला उभे राहून हे आठवले, की हिसारची वाट धरावीशी वाटते. पानिपतहून सफीदों, जींद, हांसी करत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना गहू, मोहरी, ऊस. दारोदारी खुंट्याला बांधलेल्या काळ्याभोर म्हशी. हरियाणात म्हैस ही घरची लक्ष्मी. काही घरांची दर्शनी बाजू तर राहत्या माणसांपेक्षा म्हशीच्या सोयीने बांधलेली वाटते!

शिंद्यांचा मुलूख

हांसी आणि हिसार ही नावे मराठी इतिहासाला नवी नाहीत. महादजी शिंद्यांच्या फौजेतले सरदार अप्पा खंडेराव यांनी जॉर्ज टॉमस नावाच्या एका आयरिश शिपाईगड्याला नोकरीला ठेवले आणि झज्जरच्या बाजूचा मुलूख त्याला लावून दिला. पुढे हा गडी स्वतंत्र झाला, हांसीला राजधानी करून राज्यच करू लागला. हिसारमध्ये त्याचे राहण्याचे घर आजही आहे. लोक त्याला ‘जहाज कोठी’ म्हणतात. समुद्र शेकडो मैल दूर असताना जहाज कुठून आले? ‘जॉर्ज’ या नावाचेच ते हरियाणवी रूप! १८०१ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींनी त्याला हांसीत कोंडून शरण आणले आणि हा मुलूख पुन्हा शिंद्यांकडे आला.

तो टिकला मात्र दोनच वर्षे. २३ सप्टेंबर १८०३ ला आताच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांना हरवले. ३० डिसेंबरला अमरावतीकडच्या सुर्जी-अंजनगावला तह झाला. त्या तहाने दिल्लीच्या भोवतालचा यमुनेपलीकडचा प्रदेश कंपनीकडे गेला.

इथे पुन्हा बैल येतात. वेलस्लीच्या चालीचा वेग त्या काळी सर्वांना चकित करणारा होता आणि त्याचे बरेच श्रेय म्हैसूरच्या बैलांना होते. म्हैसूरच्या वडेयर राजांनी जोपासलेला, हैदर आणि टिपूने वाढवलेला ‘अमृतमहाल’ गुरांचा कळप १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला होता. दुधासाठी नव्हे तर लष्करी ओढकामासाठी मुद्दाम पैदा केलेली ही जनावरे होती. पुढे स्पेनच्या लढायांत वेलस्लीला या बैलांची आठवण यायची, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. फौज चालते ती बैलाच्या पायांनी, हे कंपनीने दक्षिणेत चांगलेच पाहून घेतले होते. उत्तरेत तसा कळप नव्हता.

उंटांपासून सुरुवात

म्हणून हिसार. इथे जमीन होती, आणि ती रिकामी होती. १७८३ च्या दुष्काळाने हा सारा टापू ओस पाडला होता. विक्रम संवत १८४० म्हणून त्याला ‘चालीसा’ म्हणतात. गावेच्या गावे उठून गेली. मागे राहिले मैलोन्‌मैल गवत आणि काटेरी झुडपे. इथल्या भाषेत अशा राखीव चराईला ‘बीड़’ म्हणतात, आपण कुरण म्हणतो. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने हिसार वसवले तेव्हा यमुनेचा कालवा इथवर आणला होता. तो पुढे बुजला, पुन्हा खोदला गेला. पाणी, गवत आणि माणसांची विरळ वस्ती असा योग जनावरांच्या पैदाशीला उत्तमच.

१८०९ मध्ये फार्म सुरू झाला तो उंटांच्या पैदाशीसाठी. मेजर जेम्स लम्सडेन हे नाव त्याच्या उभारणीशी जोडलेले आहे. उंट का, तर वायव्येकडच्या कोरड्या मुलखात ओझे वाहायला त्याच्यासारखा दुसरा प्राणी नाही. १८३९ मध्ये काबूलवर निघालेल्या कंपनीच्या फौजेबरोबर सुमारे तीस हजार उंट होते असे सांगतात. ते बहुतेक वाटेतच मेले, हा भाग वेगळा. काही वर्षांतच हिसारला बैलांची पैदास सुरू झाली, घोड्यांचेही प्रयोग झाले, पण नाव झाले ते तोफेच्या बैलांमुळे.

फार्मची जमीन चाळीस हजार एकरांच्या वर होती. आपल्याकडे दहा एकरांचा शेतकरी मोठा बागायतदार म्हणवतो. तिथे चार हजार तसे बागायतदार मावले असते. गायींचे कळप बीडात मोकळे चरत. गोऱ्हे तिथेच वाढत, वयात आले की त्यांची निवड होई. तोफेच्या बैलाला नुसती ताकद पुरत नाही. जोडीने, आणि जोड्यांच्या जोड्यांनी, एका लयीत ओढावे लागते. स्फोटाच्या आवाजाने बुजून चालत नाही. उंची, पाय, खूर, स्वभाव सगळे पारखून बैल तोफखान्याला जात. सैन्याला हवा तसा बैल मिळावा म्हणून नागौर, गुजरात, म्हैसूर असे दूरदूरचे वळू आणून स्थानिक गायींवर सोडले गेले. त्यातून जी धिप्पाड जनावरे निपजली त्यांना लोक ‘हांसी-हिसार’ म्हणून ओळखू लागले.

१८५७ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या तटाला भगदाड पाडणाऱ्या जड तोफा पंजाबातून हत्तींनी आणि बैलांनी ओढत आणल्या, त्याही पानिपतवरून जाणाऱ्या याच हमरस्त्याने. ९६ वर्षांपूर्वी त्याच मातीत मराठ्यांचे बैल उपाशी मेले होते.

गावचा वळू

रेल्वे आली, तोफांना घोडे आणि मग मोटारी आल्या. लष्कराला बैल नकोसा होऊ लागला. एकोणिसावे शतक संपता संपता फार्म लष्कराच्या रसद खात्याकडून मुलकी पशुवैद्यकीय खात्याकडे आणि नंतर पंजाब सरकारकडे गेला. सरकारने त्याला नवे काम दिले, गावोगावी चांगला वळू पुरवण्याचे.

हे काम ऐकायला साधे वाटते. त्या काळात ते क्रांतिकारक होते. गावातल्या गायी रानात एकत्र चरायच्या, कुठला वळू कुणाला लागला याचा हिशेब नसायचा. देवाला सोडलेला वळू चांगला निघाला तर गावाचे नशीब. हिसारचे निवडक वळू जिल्हा बोर्डांमार्फत गावांना मिळू लागले आणि या पट्ट्यातल्या गुरांचा दर्जा राखला गेला. पांढरी-करडी कातडी, लांब निमुळता चेहरा, आखूड शिंगे, ताठ चाल. ही ‘हरियाणा’ गाय. दूध साधारण हजार लिटर एका वेताला आणि बैल नांगराला उत्तम. म्हणजे एकाच जनावरात घरचे दूध आणि शेतातली ताकद. लहान शेतकऱ्याला याहून अधिक काय हवे असते?

फाळणीने आणखी एक गोष्ट हिसारला आणली. लाहोरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८२ मध्ये स्थापन झालेले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याचा भाग १९४८ मध्ये हिसारला आला. गुरांचा फार्म आहे तिथेच गुरांचे डॉक्टर शिकावेत, हे ओघानेच आले. १९७० मध्ये इथे हरियाणा कृषी विद्यापीठ झाले, २०१० मध्ये पशुवैद्यक शाखेचे वेगळे विद्यापीठ. मेंढ्यांची पैदास, चाऱ्याचे बियाणे, १९८५ मध्ये केंद्रीय म्हैस संशोधन संस्था आणि अश्व संशोधन केंद्र असे एकेक करत हिसार हे देशातल्या पशुविज्ञानाचे गावच बनले.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीने गायी-बैल पटापट पडू लागले तेव्हा शेतकऱ्यांनी हिसारचे नाव बातम्यांत ऐकले असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेली खास लम्पीवरची देशी लस हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संस्थेने मिळून तयार केली होती. घोड्यांवर काम करणाऱ्या संस्थेने गायींची लस शोधावी, हेही गमतीचेच.

मुंबईच्या चहात हिसार

हिसार, रोहतक, जींद हा मुऱ्हा म्हशीचा मूळ मुलूख. ‘मुऱ्हा’ म्हणजे वळलेली. शिंगांचा वेढा जितका घट्ट, तितकी म्हैस जातिवंत. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या याच भागातून आणि गुजरातेतून आल्या. गिरगावात, परळात ज्या दुधाचा चहा झाला त्यात हरियाणाचा वाटा मोठा होता.

पण या व्यवहाराची दुसरी बाजू फार वाईट होती. व्यापारी गावातली सर्वांत दुधाळ, नुकतीच व्यालेली म्हैस हेरून शहरात न्यायचे. शहरात जागा महाग, वैरण महाग. रेडकू जगवणे परवडत नसे. म्हैस आटली की भाकड काळात तिला पोसण्यापेक्षा कसायाला देऊन नवी आणणे स्वस्त पडे. म्हणजे ज्या म्हशीने आणखी चार-पाच वेते द्यायची, जिच्या पोटी उत्तम पारड्या आणि वळू निपजायचे, ती एका वेतात संपायची. गावात मागे राहायच्या त्या दुय्यम म्हशी. मुंबई-कलकत्त्याने अशी कित्येक वर्षे उत्तरेच्या गोठ्यांतली साय काढून नेली.

आरे कॉलनी उभारण्यामागे शहरातले गलिच्छ तबेले हलवण्याबरोबर ही चिंताही होती. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने झालेल्या या वसाहतीचे उद्‌घाटन पंडित नेहरूंनी ४ मार्च १९५१ रोजी केले. गोरेगावला शाळेच्या सहलीत पाहिलेल्या त्या म्हशींचे माहेर कुठले, हे तेव्हा कुणी सांगितले नसेल. ते हे!

आज मुऱ्हाची कीर्ती देशाबाहेर गेली आहे. बल्गेरियाने १९६२ मध्ये या म्हशी नेल्या आणि त्यांच्यापासून स्वतःची जात तयार केली. पानिपतहून जेमतेम ३५ किलोमीटरवर कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तिथे २००९ मध्ये ‘गरिमा’ ही क्लोन केलेली पारडी जन्मली. हिसारच्या म्हैस संस्थेत ११ डिसेंबर २०१५ रोजी ‘हिसार गौरव’ हा क्लोन रेडा जन्मला. उत्तम रेड्याची हुबेहूब प्रत काढायची, म्हणजे त्याच्या रेतमात्रा दुपटीने मिळतील, असा हिशेब.

जायचे तर

ऑक्टोबर ते मार्च हा हिसारला जाण्याचा काळ. मे-जूनमधली लू सहन होत नाही. फिरोजशहाचा वाडा, त्यातली लाट की मशीद, जवळच गुजरी महाल आणि जहाज कोठीतले संग्रहालय एका दिवसात पाहून होते. फार्म आणि संशोधन संस्था ही पैदाशीची ठिकाणे आहेत, सहलीची नव्हेत. आधी कार्यालयाची परवानगी घ्यावी. लाळ्या-खुरकूताच्या भीतीने बाहेरच्या माणसांना गोठ्यात सहजासहजी सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बुटांच्या तळव्याला लागून रोग कुठल्या कुठे जातो.

मुलांना नेले तर ती रमतात. पहाटेची धार, हिवाळ्यात बर्सीमने भरलेल्या गव्हाणी, प्रत्येक कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडी क्रमांक. आधार कार्डासारखेच! त्या क्रमांकावरून आई कोण, बाप कोण, आईने किती दूध दिले, लस कधी टोचली, सगळे निघते. आपल्यापैकी किती जणांना पणजीचे नाव सांगता येईल?

मात्र चाळीस हजार एकरांचे ते कुरण आता डोळ्यांत मावणार नाही अशी कल्पना करून जाऊ नये. विद्यापीठे, संस्था, छावणी, वसाहती यांना त्यातली जमीन जात राहिली. अलीकडे विमानतळासाठीही हजारो एकर गेले. १४ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते हिसार-अयोध्या विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीशेजारच्या जमिनीवर कधीकाळी तोफेचे गोऱ्हे चरत होते, हे प्रवाशांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

लष्कराने तर हा व्यवसायच सोडला. १८८९ मध्ये अलाहाबादला सुरू झालेले आणि पुण्याजवळ पिंपरीपर्यंत पसरलेले लष्करी डेअरी फार्म ३१ मार्च २०२१ रोजी अधिकृतपणे बंद झाले. शिपायाला दूध आता पिशवीतून मिळते. मुलकी असल्याने हिसारचा फार्म वाचला.

नर नको

फार्म वाचला, बैलाचे काय? २०१२ ची आणि २०१९ ची पशुगणना शेजारी ठेवली तर दिसते की देशातल्या गोवंशाच्या माद्या वाढल्या आणि नर ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटी बैल-गोऱ्हे कमी! ट्रॅक्टर आला, तिथे बैलाचे काम गेले. हरियाणात तर नांगराला जुंपलेला बैल शोधावा लागतो. त्याच हरियाणात रस्त्याच्या दुभाजकावर रवंथ करत बसलेले मोकाट गोऱ्हे मात्र हवे तेवढे दिसतात. रात्री ते मोटारसायकलींना धडकतात, पिकांत शिरतात. शेतकरी रात्र रात्र जागून राखण करतो. ते कुणाचे, याचे उत्तर कुणी देत नाही, कारण त्यांच्या कानातला बिल्ला काढून टाकणे अवघड नसते.

महाराष्ट्रात हे चित्र थोडे वेगळे दिसते, ते खिल्लारमुळे. आटपाडी, सांगोला, जत भागातल्या खिल्लार खोंडाला शर्यतीने तारले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बाजारात त्याचे भाव पडले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती कायम केली आणि जत्रांमधून बैल पुन्हा लाखांच्या भाषेत बोलू लागला. विदर्भातल्या गवळाऊचे तसे नाही. वर्ध्याच्या आर्वी भागातली ही पांढरी, चपळ जात. मराठी फौजांच्या वेगवान वाहतुकीसाठी ती वापरली जाई, असे जुन्या पशुतज्ज्ञांनी लिहून ठेवले आहे. हिसारच्या बैलाची ही खरी चुलतबहीण. तिच्यासाठी ना शर्यत आहे, ना तोफ.

हिसारला आणि उरुळी कांचनला, जिथे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ उभारली, आज काम चालते ते उणे १९६ अंश थंडीत, द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपांत. पेनच्या रिफिलहून बारीक नळीत पाव मिलिलिटर वीर्य. ते खेडोपाडी जाते आणि वळू न पाहताच गाय गाभण राहते. गेल्या काही वर्षांत त्यातही नवी सोय आली आहे, लिंगनिश्चित रेतमात्रेची. यंत्राने नर आणि मादीचे शुक्रजंतू वेगळे करायचे, म्हणजे दहापैकी सुमारे नऊ वेळा कालवडच जन्मते. सरकार त्यावर अनुदान देते. शेतकरी खूश आहे, त्याला दूध हवे आहे.

हिसारच्या गोठ्यात तरीही दरवर्षी गोऱ्हे जन्मतात, कारण शुद्ध जातीचे वळू पुरवायचे तर नर लागणारच. आईचे दूध, बापाची वंशावळ आणि अंगलट पाहून त्यांतले थोडेच वळू म्हणून राखले जातात. बाकीचे वयात आले की लिलावाच्या यादीत जातात. यादीत बिल्ल्याचा क्रमांक असतो, वय असते, जात असते. काम काय करणार, यासाठी रकाना नसतो.